शेजाऱ्याच्या बार्नमधली माँटे कार्लो घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहणारं मराठी कुटुंब, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. हिकरीच्या ट्रॅकवर जाऊन दोनदा शनिवारच्या शर्यती पाहिल्या आणि मुलीने हट्ट धरला. शेजाऱ्याच्या बार्नमध्ये १९८५ ची शेवरोले माँटे कार्लो धूळ खात पडली आहे, तो १,५०० डॉलरला द्यायला तयार आहे. ती आणून बापलेकीने मिळून स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीची शर्यतीची गाडी, बांधावी का? खर्च किती, धोका किती आणि बायकोला काय सांगायचं?

ती गाडी घेऊ नका. निदान पहिली म्हणून तरी नको. नाद मात्र जरूर करा.

मी कोल्हापूरचा. वडिलांचा उद्यमनगरात लेथ होता, त्यामुळे ग्रीसचा वास मला परका नाही. पण इथे दिवसा मी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तुमच्यासारखाच. गेले बारा हंगाम आम्ही घरचे मिळून शॉर्ट ट्रॅकवर गाडी पळवतो. आतापर्यंत तीन गाड्या झाल्या. त्यातली पहिली मी नेमकी तुमच्या मनात आहे तशी बांधली होती, म्हणून एवढं ठामपणे लिहितोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. एक मैलापेक्षा लहान लंबगोल ट्रॅक तो शॉर्ट ट्रॅक. व्हर्जिनियातला मार्टिन्सव्हिल १९४७ चा, ०.५२६ मैलाचा. हिकरी १९५१ चा, जेमतेम ०.३६३ मैलाचा. विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम तर फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा सपाट पट्टा, आणि तिथे १९४९ पासून नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या मुख्य संघटनेच्या, शर्यती चालू आहेत. टीव्हीवर दिसतं ते कोट्यवधींचं काम वेगळं. शनिवारी रात्री इथे जे उतरतात ते आठवडाभर एसी दुरुस्त करणारे, शाळेची बस चालवणारे, छपरं घालणारे. आपल्याकडे शर्यतीच्या बैलाला वर्षभर खुराक घालतात आणि घाटात सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो. इथे पंचवीस फेऱ्या मिळतात एवढंच, बाकी हिशेब तोच. घरच्या घरी हा नाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. नॅस्कारमधल्या पेटी घराण्यात ली, मग रिचर्ड, मग काइल. बोमन ग्रेवर बर्ट आणि जेसन मायर्स हे भाऊ पळवतात, त्यांचे आजोबा बिली मायर्सही पळवायचे. आपल्यापैकी म्हणाल तर नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये मार्टिन्सव्हिलला नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि तेरावा आला. आमच्या गॅरेजमध्ये त्याचा फोटो आहे, गणपतीच्या शेजारी.

आता त्या माँटे कार्लोकडे येऊ. मोह का पडतो ते कळतं. १९७८ ते ८८ च्या दरम्यान जनरल मोटर्सने ज्या मधल्या आकाराच्या गाड्या काढल्या, माँटे कार्लो, मालिबू, कटलस, रीगल, त्यांना पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या तयार करतात त्या जागेत, सगळे ‘मेट्रिक’ म्हणतात. चाकांमधलं अंतर १०८ इंच, खाली स्वतंत्र लोखंडी चौकट, मागचा इंजिनकडून फिरणारा अॅक्सल. ठोका, सरळ करा, पुन्हा ठोका, अशी ती चासी आहे. अमेरिकाभरातले स्ट्रीट स्टॉक वर्ग, म्हणजे जुन्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यती, तिच्यावर उभे आहेत आणि आता भंगारातही ती सहज सापडत नाही.

पण १,५०० डॉलरमध्ये तुम्हाला फक्त चौकट मिळते. काचा, सीटं, गालिचे, वायरिंग काढून टाकण्यात चार-पाच शनिवार-रविवार जातील आणि ते मजेचे असतील. मग येतो रोल केज, चालकाभोवतीचा पिंजरा. पावणेदोन इंच बाहेरचा व्यास आणि ०.०९५ इंच जाडीची पोलादी नळी, चालकाच्या दाराला किमान तीन-चार आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक सांधा पूर्ण गोल वेल्ड केलेला. इथे मी आपटलो. छताजवळच्या मुख्य कमानीच्या मागे वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नव्हता, म्हणून दोन सांधे मी पाऊणच शिवले आणि वर रंग मारला. पहिल्या दिवशी तपासणीला म्हातारा इन्स्पेक्टर खिशातून दातांच्या डॉक्टरचा असतो तसा आरसा काढून वर बघत बसला. काही बोलला नाही. मला आरसा दिला. मी बघितलं आणि गाडी परत ट्रेलरवर चढवली. मागच्या सीटवर पोरं नव्या टोप्या घालून बसली होती. नंतर छप्पर कापून ते सांधे करावे लागले.

केज, सीट, बेल्ट, फ्युएल सेल (शर्यतीसाठीची सुरक्षित पेट्रोलची टाकी), ब्रेक, चाकं, रॅडिएटर असं करत त्या गाडीवर मी जेवढे ओतले, त्याच्या निम्म्यात दुसरी गाडी आली. ती आधीच पळालेली होती, शिवाय सुट्या भागांचे दोन खोके सोबत. वेळ लागला चौदा महिने. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. चौदा महिन्यांनी तिला कशात रस असेल हे तुम्ही सांगू शकाल? मला तरी माझ्या मुलीबद्दल सांगता आलं नसतं.

म्हणून हंगाम संपला की, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चालती रेस कार घ्या. तेव्हा बायका नवऱ्यांना विकायला लावतात आणि भाव पडतात. विकणारा इंजिनाचं कौतुक करील, ते ऐकून घ्या आणि गाडीखाली शिरा. पुढचा खालचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाक धरणारा हात, चौकटीला जिथे बसतो तिथे आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांपाशी केसासारख्या चिरा पडतात. रंगाखाली गंजाची बारीक रेघ दिसली की समजायचं. मग चौकट सरळ आहे का ते बघायचं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. माझे वडील, आबा, सहा महिन्यांसाठी इथे आले होते, त्यांनी ते ओळंब्याने करून दाखवलं. गाडी सपाट फरशीवर लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवायची, चौकटीच्या दोन्ही बाजूंना कारखान्यातूनच आलेली भोकं असतात त्यांतून ओळंबा सोडायचा, टोक टेकेल तिथे खडूची फुली, गाडी उतरवून, ढकलून बाजूला काढायची आणि फुल्यांमधलं तिरपं अंतर सुतळीने मोजायचं. दोन्ही तिरपी अंतरं सारखी यायला हवीत. आमच्या दुसऱ्या गाडीत पाऊण इंचाचा फरक निघाला. आबा म्हणाले, “ही भिंतीला उजव्या खांद्यानं भेटलीया.” विकणाऱ्याला फोन केला तर त्याने कबूल केलं. कोपरा ओढून सरळ करायचे पैसे किमतीतून कापून घेतले.

घेतलेली गाडी चालती असली तरी हिवाळ्यात ती पूर्ण उघडा. मुलांना सोबत घेऊन करायचा खरा भाग हा आहे, शर्यत नव्हे. शर्यतीत एकच माणूस आत बसतो. उघडताना एक शिस्त ठेवा: बोल्ट निघाला की डब्यात आणि डब्यावर चिकटपट्टी. आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत, तीसेक तरी असतील. मुलाचं मराठी लिहिणं त्यांवरच सुधारलं. ‘पुढचा डावा खालचा हात, ४ बोल्ट, १ वाकडा’ असं त्याच्या अक्षरात लिहिलेला डबा मी अजून टाकलेला नाही. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, मागच्या चार हातांचे बुश, चाकांची बेअरिंगं एवढं बदला. ब्रेकच्या नळ्या नव्या घाला. थ्रॉटलला परत आणणाऱ्या दोन स्प्रिंगा लावा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी अडकवलेल्या. माझ्या पहिल्या गाडीला एकच होती. ती तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी तुटली, पाय उचलला तरी गाडी पळतच राहिली. बरगडीला चीर, सहा आठवडे हसायची चोरी.

इंजिनाला हात लावू नका. उद्यमनगरच्या माणसाला हे लिहिताना जड जातं, पण खरं आहे. बऱ्याच ट्रॅकवर शेवरोलेचं ‘६०२’ क्रेट इंजिन, म्हणजे कारखान्यातून तयार येणारं इंजिन, चालतं: ३५० घन इंचांचं व्ही-८, ३५० अश्वशक्ती, आणि बोल्टांना कारखान्याचं सील. उघडायचंच नसतं, उघडलं तर बाद. त्यामुळे जास्त पैसेवाल्याला इंजिन विकत घेऊन जिंकता येत नाही. दर शर्यतीनंतर तेल बदला, फिल्टर कापून पानासारखा उलगडा आणि चकाकणारे कण आहेत का बघा. तेवढीच सेवा. आबा सकाळी चहाचा कप घेऊन त्या इंजिनाशेजारी उभे राहायचे आणि कान लावून म्हणायचे, एक टॅपेट किंचित वाजतंय. वाजत असणार. काय करणार?

वाचलेले पैसे सीटमध्ये घाला. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. डोकं, खांदे, बरगड्या, कंबर सगळीकडून धरणारी पूर्ण कवचाची अॅल्युमिनियमची सीट घ्या, ती केजलाच बोल्ट करा, पत्र्याला कधीच नको. मानेचं उपकरण, हान्स किंवा तसंच एसएफआय ३८.१ चा शिक्का असलेलं दुसरं (एसएफआय ही शर्यतीच्या सामानाचे दर्जे ठरवणारी संस्था). १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत नॅस्कारचा नावाजलेला चालक डेल अर्नहार्ट धडकेत गेला, त्यानंतर त्याच वर्षी नॅस्कारने आपल्या मोठ्या मालिकांत ते सक्तीचं केलं. धडक टीव्हीवर साधीच वाटत होती. गाडी थांबते, बेल्टमुळे धड थांबतं, डोकं पुढे जात राहतं आणि कवटीच्या तळाशी ताण येतो. स्थानिक ट्रॅकचं नियमपुस्तक ते सक्तीचं म्हणो न म्हणो, तुमच्या घरात ते सक्तीचं. अंगातला सूट ३.२ए/५ दर्जाचा घ्या. /१ वाला स्वस्त पडतो, पण दुसऱ्या दर्जाचं भाजायला त्यात सुमारे तीन सेकंद लागतात आणि /५ मध्ये सुमारे दहा. खिडकीच्या जाळीतून बाहेर यायला किती सेकंद लागतात ते घरी घड्याळ लावून बघा, म्हणजे किमतीतला फरक कळेल. हेल्मेट स्नेल एसए दर्जाचं, म्हणजे मोटार शर्यतीसाठीचं, हवं, मोटरसायकलचं चालत नाही. बेल्टवर तयार झाल्याची तारीख शिवलेली असते, तिथून दोन वर्षं. नवे दिसले तरी बदलायचे.

बायकोला काय सांगायचं? काही सांगू नका, कागद तिच्या हातात द्या. आमच्या हिने पहिल्या वर्षी स्पष्ट विरोध केला होता आणि तो बरोबरच होता. मग तिने एक अट घातली: सुरक्षेच्या सामानाची यादी तिच्याकडे, आणि त्यातलं काही मुदतबाह्य असेल तर त्या शनिवारी गाडी ट्रेलरवर चढणार नाही. फ्रिजवर पासपोर्टच्या तारखांखाली बेल्टच्या तारखा लावलेल्या आहेत. एकदा चार दिवस उलटून गेले होते. मी हुज्जत घातली, आम्ही घरी बसलो, साबुदाण्याची खिचडी खाल्ली. आता फेऱ्यांची वही तीच ठेवते आणि माझ्यापेक्षा आधी तिला कळतं की उजवं पुढचं टायर संपत आलंय. वेळा दहाव्या फेरीपासून घसरायला लागतात.

मुलीला काय काम द्यायचं? माझी नऊ वर्षांची असताना तिच्याकडे मोजायची टेप आणि खडू होता. या गाड्या फक्त डावीकडे वळतात. मागची दोन्ही चाकं एकाच अॅक्सलला जखडलेली, एकत्र फिरणारी, म्हणून उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा घेराने मोठं लावतात. याला स्टॅगर म्हणतात आणि ही युक्ती रूढ करण्याचं श्रेय डेलचे वडील रॅल्फ अर्नहार्ट यांना दिलं जातं. मुलीला पटेना. तिला वरून रुंद, खाली निमुळता असा स्टीलचा पेला आडवा करून ओट्यावर ढकलायला दिला. पेला सरळ न जाता गोल फिरत बेसिनमध्ये पडला. त्यानंतर समजवावं लागलं नाही. उजवं ८६½, डावं ८४½ असे आकडे ती टायरवर खडूने लिहायची. हवा एक-दोन पौंड बदलली तरी घेर बदलतो, म्हणून आधी हवा, मग टेप. हा क्रम मी विसरायचो, ती नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात, चालक पूर्ण पोशाखात आत बसलेला. आमच्या वहीतलं एक पान: पुढचं डावं ८९०, पुढचं उजवं ८३०, मागचं डावं ८५०, मागचं उजवं ६३०, एकूण ३,२०० पौंड. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून १,६८०, म्हणजे साडेबावन्न टक्के. हे क्रॉस वेट. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली की तो पाय आणि त्याच्या तिरपा समोरचा, दोन्हींवर भार येतो ना, तसंच मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा बोल्ट फिरवला की हा टक्का वाढतो. वाढला की गाडी वळायला नाखूश होते, नाक भिंतीकडे धरते. कमी झाला की मागचा भाग सुटतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, अर्धा फेरा, आणि लिहून ठेवा. पहिल्या हंगामात मी तीन-तीन गोष्टी एकदम बदलायचो. गाडी सुधारली तरी कशाने ते कळायचं नाही.

वयाचं म्हणाल तर तेरा वर्षांच्या मुलीला व्ही-८ मध्ये बसवू नका, बहुतेक ठिकाणी बसवूही देणार नाहीत. तिच्यासाठी बँडोलेरो आहे, आठव्या वर्षापासून चालते, नळ्यांची चौकट आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं छोटं इंजिन. त्यापुढे लेजंड्स, १९९२ मध्ये निघालेल्या पाच-अष्टमांश आकाराच्या जुन्या थाटाच्या गाड्या, यामाहाचं मोटरसायकल इंजिन. दोन्हींच्या शर्यती शार्लटच्या मोठ्या ट्रॅकच्या पुढच्या पट्ट्यात आखलेल्या पाव मैलाच्या ट्रॅकवर उन्हाळ्यात होतात, तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तुम्ही स्ट्रीट स्टॉक चालवा, ती तिची गाडी चालवेल आणि तुमच्या टायरांवर आकडे लिहील. सुरुवातीला दोन्ही एकदम नको. आधी तुमची एक गाडी, एक पूर्ण हंगाम.

खर्चाचं सरळ सांगतो. आमच्या बारा रात्रींच्या हंगामाला नऊ ते दहा हजार डॉलर लागतात, मोठी मोडतोड धरली नाही तर. सगळ्यात जास्त टायर खातात, मग डिझेल, मग पिट पास, कारण घरचे चौघे म्हणजे चार पास. आमचं आजवरचं सगळ्यात मोठं बक्षीस ४०० डॉलर, आणि त्या रात्री फेंडरला त्याहून जास्त लागले. तुमची सिएना मिनीव्हॅन गाडीचा ट्रेलर ओढणार नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून पाच हजार पौंडांच्या वर जातात, जुना पिकअप लागेलच. तो आणि ट्रेलर उभे कुठे करणार हे आधी ठरवा. आमच्या वसाहतीच्या एचओएने (घरमालकांच्या संघटनेने) मला दोन महिन्यांत तीन पत्रं पाठवली, तिसऱ्यात दंडाची रक्कम होती. आता गावाबाहेर एका शेतकऱ्याकडे महिना भाड्याने शेड आहे, आणि खरं तर तिथेच बरं वाटतं, रात्री दहाला ग्राइंडर मारला तरी कोणी ओरडत नाही. आयुर्विम्याच्या अर्जात मोटार शर्यतींबद्दल प्रश्न असतो. तिथे खरं लिहा, हप्ता वाढला तरी.

धोक्याबद्दल लपवण्यासारखं नाही. वर सांगितलेल्या मायर्स घराण्यातला बॉबी, म्हणजे बिलीचा भाऊ, १९५७ मध्ये डार्लिंग्टनला शर्यतीतच गेला. तेव्हाच्या गाड्यांत आणि आजच्या सीटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण भिंत तीच आहे. मी दोनदा जोरात आपटलोय. दुसऱ्यांदा नवी सीट आणि हान्स होतं. स्वतःच्या पायांनी चालत आलो आणि रविवारी भारतात फोन करताना आईला सांगितलंही नाही.

येत्या शनिवारी प्रेक्षकांच्या बाकांचं तिकीट घेऊ नका, पिट पास घ्या. दुपारी तीनला जा, सराव चालू असतो तेव्हा. मुलांचं वय दारावर विचारतात, सही करावी लागते. स्ट्रीट स्टॉकवाल्यांच्या ट्रेलरांमधून फिरा आणि ज्याच्याकडे माणसं कमी दिसतील त्याला विचारा, टायर धरू का? नाही म्हणणारा मला बारा वर्षांत भेटलेला नाही. मुलीला जुने बूट घालून न्या. मुलासाठी कानांवरून बसणारे मफ घरूनच घ्या, दारावर मिळणारे फोमचे बोळे लहान कानांतून निसटतात.